तू पुढं ऱ्हा

आमचा रविवार गुरुवारी यायचा. सगळ्या कारखान्यांना एकाच वेळी वीज पुरत नाही म्हणून एकेका भागाला सुट्टीचे वेगळे वार वाटून दिलेले होते, त्यात आमच्या वाट्याला गुरुवार आला होता. लग्न होऊन मी चिंचवडला आले तेव्हा सुरुवातीला माझा फार घोळ व्हायचा. रविवारी मी निवांत केस धुवायला बसायचे आणि नवरा डब्यासाठी दारात खोळंबलेला असायचा. गुरुवारी मात्र सगळी चाळ उशिरा उठायची, पुरुष ओट्यावर आरसे टेकवून दाढ्या करायचे. त्यातही गंमत अशी, की गुरुवार दत्ताचा, त्यामुळे निम्म्या चाळीला उपास. हक्काच्या सुट्टीला घरात मटण शिजत नाही हे आमच्या पुरुषांचं कायमचं दुखणं होतं.

माझा नवरा प्रेस शॉपमध्ये होता. तिथे मोठमोठ्या प्रेसखाली पत्रा दाबून मोटारींचे भाग काढत. मी आत कधी गेले नाही, पण रस्त्याने जाताना भिंतीपलीकडचे दणके तळपायांना जाणवायचे. तिथली माणसं ओळखायला सोपी. घरी आली तरी ओरडूनच बोलत, आणि ओट्यावर गप्पा मारतानासुद्धा एकमेकांच्या तोंडाकडे टक लावून बघत, हातवारे करत. त्या दणदणाटात कानाचा काही उपयोग नाही. तिथे ओठ वाचायचे आणि हातांनी बोलायचं, ही सवय सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी शेजारच्या काकूंकडे जाऊन रडले होते, की हे माझ्यावर सारखे ओरडतात आणि मी काही विचारलं तर कित्येकदा उत्तरसुद्धा देत नाहीत.

काकू हसल्या. म्हणाल्या, "अगं, प्रेस शॉपचा आहे ना? मग ओरडणारच. आमचे तर झोपेतही ओरडतात. आणि उत्तराचं म्हणशील, तर कुठल्या नवऱ्यानं दिलंय?"

मला ते पटलं. साऱ्या चाळीला त्यात वेगळं काही दिसत नव्हतं, तर मला कुठून दिसणार? मी त्याला तोंडावर अहो-जाहो करायचे आणि मनात चांगलं अरे-तुरे करून भांडायचे. माझा स्वभाव आधीच तापट. शिष्ट आहे मेला, एवढंच मी ठरवून टाकलं होतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर कंपनीने एका गुरुवारी कामावर बोलावलं, आणि त्याच्या बदल्यात पुढच्या आठवड्यात शुक्रवारची सुट्टी दिली. सलग दोन दिवस मोकळे. नवऱ्याने जाहीर केलं, की आपण सायकलने तळेगावला तुझ्या माहेरी जायचं, मुक्काम करायचा, आणि येताना हमरस्ता सोडून इंदुरीवरून चाकणला जायचं, तिथून मोशी-भोसरीकडून रमतगमत घरी. शाळेत असताना मी तळेगावभर सायकल फिरवायचे हे मी त्याला एकदा तोऱ्यात सांगितलं होतं. ते त्याने लक्षात ठेवलं होतं, याचा मला आतून आनंद झाला. मी तो दाखवला नाही.

त्याची स्वतःची काळी सायकल होती. माझ्यासाठी स्टेशनजवळच्या चाचांच्या दुकानातून लेडीज सायकल भाड्याने आणली. चाचांनी तिला तेल दिलं, ब्रेक दाबून बघितले आणि मला बजावलं, "भाभी, चेन जरा ढिली आहे. चढावर जोर लावू नका, उतरून चाला." नऊवारीतल्या म्हाताऱ्या, पाचवारीतल्या सुना, सगळ्या ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. काकू म्हणाल्या, "बघ हो, सायकलवरून गेलीस, येताना नवऱ्याच्या पाठीवरून यायला लागू नये!" सगळ्या खिदळल्या. मी पदर खोचला आणि निघाले.

निघाल्या निघाल्या त्याचा हट्ट सुरू झाला. "तू पुढं ऱ्हा." त्याचं गाव मावळातलं, बोलीही तशीच. मला गार वाऱ्यात शेजारी-शेजारी गप्पा मारत जायचं होतं, पण शेजारी गेले की तो वेग कमी करायचा, मागे राहिले की पाय टेकून थांबायचा. "पुढं ऱ्हा म्हनलं न्हवं?" आकुर्डी गेली, निगडी गेली, देहूरोडला चहा झाला, आणि तोवर मी पुरती वैतागले होते. मला वाटलं, नवरेपणा, दुसरं काय. बायको कशी नजरेसमोर हवी.

सोमाटण्याच्या अलीकडे चढ लागला. मी दमले, सायकल रडतखडत चालली होती. त्याच्या पायांत ताकद भरपूर, एवढं हळू जाणं त्याला जमेना. "वर थांबतो," म्हणून तो पुढे निघून गेला. आणि मी चाचांचं न ऐकता जोर लावला, तशी चेन उतरली.

मी हाक मारली. "अहो! थांबा!" तो फार लांब गेला नव्हता. वारा माझ्याकडून त्याच्याकडे वाहत होता. मी पुन्हा, छाती फुटेल एवढ्याने ओरडले. त्याच्याही पलीकडे, बांधावर गवत कापणारी एक बाई विळा थांबवून माझ्याकडे बघायला लागली. तो वळला नाही.

तेवढ्यात माझ्या शेजारून एक ट्रक वर गेला. चढावर सायकलवाले नागमोडी जातात, तसा नवरा रस्त्याच्या रुंदीभर या कडेपासून त्या कडेपर्यंत आरामात चालला होता. ट्रकने भोंगा दिला. मग दाबून धरला. तो उजवीकडून डावीकडे आला, डावीकडून पुन्हा उजवीकडे निघाला. भोंगा चालूच होता. मी हातातली सायकल सोडून धावत सुटले, पण धावून काय होणार होतं? ब्रेक किंचाळले, ट्रक उजवीकडच्या कच्च्या पट्टीवर उतरला, एका अंगाला इतका कलला की आता उलटतो असं वाटलं, आणि धुरळ्यातून कसाबसा पुन्हा रस्त्यावर चढला. क्लीनर दारातून अर्धा बाहेर लोंबकळून शिव्या देत होता, मूठ दाखवत होता. माझ्या नवऱ्याने त्याच्याकडे बघितलं, हसला आणि हात वर करून त्याला रामराम केला.

मी जागच्या जागी उभी राहिले. सायकल मागे रस्त्यात पडली होती, तिच्याकडे परतले.

मग त्याने वळून पाहिलं आणि उतारावरून माझ्याकडे परत आला. "एवढी मागं कशी ऱ्हायलीस? हाक मारायची न्हाई व्हय?"

मी खाली बसून चेनला हात घातला होता. मान खाली ठेवूनच म्हणाले, "मारली होती." त्यावर तो काही बोलला नाही. मी मान वर केली, त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "चेन उतरली होती," तर लगेच म्हणाला, "मग सरक की, मी बशिवतो." आणि शिट्टी वाजवत चेन बसवू लागला. मला तिथेच सगळं कळलं. स्वयंपाकघरातून विचारलेलं कधीच न ऐकणारा, दार वाजलं तरी पेपरातून डोकं वर न काढणारा, अंधारात पडल्या पडल्या मी काही सांगायला लागले की झोपेचं सोंग घेतो म्हणून मी ज्याच्याशी भांडत होते, तो शिष्ट नव्हता. त्याला ऐकूच येत नव्हतं. मला एकदम रडू आलं, ते मी घामाबरोबर पदराने पुसून टाकलं.

त्याच्या पुढे की मागे, कुठे राहायचं तेच मला कळेना. मागे राहिले तर सावध कसं करू? पुढे गेले तर तो दिसणार कसा? शेवटी पुढेच राहिले आणि घडीघडीला मान वळवून मागे बघत तळेगाव गाठलं.

पण खरी भीती तळेगावातच होती. माझ्या चुलत बहिणीच्या सासरच्यांनी मुलाला फिट येतात हे लपवून लग्न लावलं होतं. ते कळल्यावर माझे वडील स्वतः जाऊन तिला ट्रंकेसकट घेऊन आले होते, आणि ती अजून चुलत्यांच्या घरी पापड लाटत होती. माझं स्थळ आलं तेव्हा वडिलांनी नवऱ्याच्या काकांना तोंडावर विचारलं होतं, "काही लपवलेलं नाही ना?" काका नाही म्हणाले होते. त्यांना माहीत होतं की नव्हतं, देव जाणे. वडिलांना हे कळलं असतं तर त्यांनी मला चिंचवडला परत पाठवलं नसतं. आणि सोमाटण्याच्या चढावर मला पहिल्यांदाच स्वच्छ कळलं होतं, की मला परत जायचंय.

त्यात वडील शिंपी. जन्मभर ओठांत टाचण्या धरून बोलायची सवय. टाचण्या नसल्या तरी त्यांचे ओठ हलत नसत, शब्द कुठून तरी मिशीमागून येत. मशीनवर मान घालूनच ते जावयाशी बोलायला लागले. कंपनीत काय चाललंय, ओव्हरटाइम मिळतो का, आई-वडील कसे आहेत. नवरा पुढे वाकून त्यांच्या तोंडाकडे असा बघत होता, जसं काही वाट हरवलेल्या माणसाने पाटी वाचावी. मी चहाचं निमित्त करून मध्येच बसले आणि सगळी उत्तरं देऊन टाकली. ओव्हरटाइम आहे, आई-वडील बरे आहेत, गावाकडे भात चांगला झालाय.

आई मला आत घेऊन गेली आणि चिमटा काढला. "सारखी मध्ये मध्ये काय बोलतेस? जावयाला बोलू दे की. आणि किती गुणाचे आहेत, बघ. सासऱ्याचं इतकं लक्ष देऊन ऐकणारा जावई मी तरी पाहिला नाही."

मला हसावं की रडावं कळेना.

संध्याकाळी पानं मांडली. पुरुष जेवायला बसले, मी वाढत होते. आईने जावयासाठी पुरणाचा घाट घातला होता. वडील मजेत होते. आणि तेवढ्यात दिवे गेले. सगळा काळोख. आई काड्यापेटी शोधायला चुलीकडे गेली. त्या काळोखात वडिलांचा आवाज आला, "मग काय जावईबापू, आमच्या पोरीचा जाच होतो की नाही? फार तापट आहे हो ती."

थट्टाच होती. उत्तर म्हणून नुसतं हसलं असतं तरी चाललं असतं. पण समोरून आवाज नाही. फक्त पोळी मोडल्याचा आवाज.

"काय हो?" वडील म्हणाले. "रागावलात की काय?"

पुन्हा काही नाही.  आणखी एक प्रश्न, की सगळं संपलं. मला काही सुचेना, आणि जे सुचलं ते मी बोंबलून टाकलं: "विंचू! आई गं, विंचू!"

एकच गोंधळ उडाला. वडील ताडकन उठले, पाटावर पाय आपटत बाजूला झाले, तांब्या कलंडला, आईच्या हातून काड्या सांडल्या. "कुठंय? चावला का? हलू नकोस!" शेवटी आईने कंदील लावला.

कंदिलाच्या उजेडात वडील भिंतीला चिकटून उभे, आई एका हातात चिमटा घेऊन उभी, मी कोपऱ्यात उभी. आणि माझा नवरा पाटावर मांडी घालून, शांतपणे पुरणपोळी दुधात कुस्करत होता. उजेड आला तसं त्याने वर बघितलं. आम्ही तिघं उभे बघून त्याचा चेहरा गोंधळला. मग तो हसला आणि म्हणाला, "बसा की जेवाया. दिवे काय, येतील."

माझंच शहाणपण माझ्या अंगाशी आलं होतं. वडील काही क्षण त्याच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मग पाट सरळ करून बसले आणि म्हणाले, "जावईबापू धीराचे आहेत."  त्यांना काय कळलं आणि काय नाही, याचा विचार करत मी उष्टी काढली.

सकाळी त्यांनी स्वतःहून विषय काढला. सायकली लोकलच्या डब्यात टाका आणि गाडीने जा, रस्त्यावर ट्रक फार झालेत. मी लगेच हो म्हणाले. अंग दुखतंय, पाय भरून आलेत, जे सुचेल ते सांगितलं. नवरा ऐकेना. "ठरलंय न्हवं चाकणचं? हळूहळू जाऊ. आज रस्ता निवांत हाय." कारण सांगता येत नसलं की माणूस किती लंगडा पडतो, ते त्या सकाळी मला समजलं.

तो हवा भरत होता, पाठमोरा. वडील माझ्याजवळ आले. ओठांत टाचणी नव्हती. हळूच म्हणाले, "पोरी, तुला मला काही सांगायचंय का?"

मला आजही वाटतं, तेव्हा मी जर नुसता आवंढा गिळला असता तरी त्यांनी मला ठेवून घेतलं असतं. मी म्हणाले, "नाही. काय सांगायचंय?" आणि सायकलवर बसले.

इंदुरीचा पूल ओलांडला आणि रस्ता खरोखर निवांत झाला. दोन्ही बाजूंना ज्वारी, मध्येच हरभऱ्याचे तुकडे, कडेने बाभळी. तासातासाने एखादी बैलगाडी, एखादी दुधाच्या कॅनची सायकल. कुणीही म्हटलं असतं, दोघं नवराबायको किती सुखात चाललेत. मी मात्र दोन माणसांचं ऐकत होते. पाचोळा वाजला तरी मान फिरत होती. तो मजेत होता, हरभऱ्याची डहाळी उपटून आणत होता, भिंताडाच्या सावलीला थांबून माझ्या हातावर घाटे सोलून ठेवत होता. त्याचं असं लाड करणं मी आधी पाहिलं नव्हतं. आणि त्याच वेळी मला इतकी भीती वाटत होती, की ते घाटे तसेच पदराला बांधून मी पुन्हा रस्त्याकडे कान लावत होते.

म्हाळुंग्याच्या पुढे एका चिंचेखाली आईने दिलेल्या दशम्या सोडल्या. शेजारच्या विहिरीवर ऑइल इंजिन चालू होतं. त्याची ठकठक अशी, की झाडावरची पाखरंसुद्धा दुसरीकडे गेली होती. नवरा खोडाला टेकून बसला, डोळे मिटले आणि म्हणाला, "किती शांत हाय न्हाई हितं? शॉपमध्ये डोकं उठतं नुसतं."

मी त्याच्याकडे बघत राहिले. मग त्याच्या गुडघ्याला हात लावला. त्याने डोळे उघडले. मी नुसते ओठ हलवले, आवाज अजिबात न काढता. "अहो, तुम्हाला ऐकू येतं का?"

"येतंय की," तो म्हणाला. "न यायला काय झालं?"

आणि दशमीचा तुकडा मोडून तोंडात टाकला. मी दुसरीकडे बघितलं. त्याची कीव आली, रागही आला, आणि हे दोन्ही त्याला कळू नये असं वाटलं.

चाकणला आलो तर कांद्याच्या ट्रकांची रांग लागलेली. तिथून पुढे नाशिकचा रस्ता, म्हणजे थेट मोशीपर्यंत गाड्यांची वर्दळ. मी ठरवून टाकलं. पुढे नाही, मागे नाही, त्याच्या उजव्या अंगाला राहायचं. जी गाडी येईल तिला आधी मी लागेन, मग तो. शहाणपणाचं होतं असं मी म्हणत नाही. दुसरं काही सुचलं नाही.

तो खवळला. "अगं, आत ये! मरायचंय का? पुढं हो!" मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मागून भोंगा आला की त्याच्या हँडलला हँडल लावायचे, तो वैतागून कडेला सरकायचा, ट्रक माझ्या कोपराला वारा देऊन जायचा. कुरुळी गेली. चिंबळी गेली. तो शिव्या घालतोय आणि मी त्याला ढकलतेय, असं चाललं होतं. रस्त्याकडेच्या माणसांना वाटलं असेल, भांडण आहे.

मग मोशीच्या पुलाकडचा उतार लागला. उतारावर सायकली आपोआप पळायला लागल्या आणि तो माझ्यापासून सुटला. पूल अरुंद. समोरून ट्रक पुलावर चढलेला. मागून एसटी, आणि तिचा भोंगा उताराच्या सुरुवातीपासून चालू. ड्रायव्हरला वाटत असणार, कितीही झालं तरी हा माणूस बाजूला होईल. तो झाला नाही. उलट कडेचा खड्डा चुकवायला रस्त्याच्या मध्याकडे आला. मी ब्रेक सोडले. माझ्या आयुष्यात मी तेवढी जोरात सायकल कधी चालवली नाही. पुलाच्या तोंडाशी मी त्याला गाठलं, त्याच्या शर्टाची पाठ मुठीत धरली आणि अंगाचं सगळं वजन डावीकडे टाकलं. आम्ही दोघं सायकलींसकट कठड्यावर आदळलो. एसटी आमच्या शेजारून गेली. तिच्या चाकांचा गरम वारा माझ्या पोटऱ्यांना लागला, आणि मागच्या खिडकीतून कुणी तरी आमच्या आईबापांचा उद्धार केला.

त्याचं कोपर सोलवटलं होतं. माझी बांगडी फुटून मनगटात रुतली होती. मी रडत होते, तोंडाला येईल ते बोलत होते. तो मात्र एसटी गेली त्या दिशेला बघत उभा होता. मग त्याने मागे उताराकडे बघितलं, किती लांबवरचं दिसतं ते पाहिलं. आणि माझ्याकडे वळला.

"कवापासून वाजवत व्हता?"

मी म्हणाले, "उतार लागल्यापासून."

तो कठड्याला टेकून खाली बसला. शर्टाच्या बाहीने कोपराचं रक्त पुसत राहिला. मग म्हणाला, "तुला कवा कळलं?"

"काल. सोमाटण्याच्या चढावर."

"गाडी अंगावर आली की हादरा कळतो. भोंगा न्हाई कळत." तो माझ्या तोंडाकडे न बघता बोलत होता, म्हणजे मी मध्ये बोलू नये अशी सोय करून. "शॉपात काय, तिथं सगळेच बहिरे. कुनाला कळत न्हाई. पन रस्त्याला तू पुढं असलीस की बरं. मागनं गाडी आली की तू मान वळीवतीस, कडंला व्हतीस. मी बी व्हतो. तुझ्या मानंवर चालतोय बघ मी."

दोन दिवस मी ज्या गोष्टीवर चिडत होते, ती ही होती.  मी कठड्याला ओणवी झाले आणि खाली इंद्रायणीकडे बघत डोळे पुसायला लागले.

मागून त्याचा आवाज आला. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच हळू. "घरी सांगितलंस? वडलांना?"

वडील मला ठेवून घेतील, याचीच तो धास्तीने वाट बघत होता, हे मला त्या आवाजावरून कळलं. पुरणपोळी कुस्करतानाही तो तीच वाट बघत असणार, आम्ही तिघं उभे दिसलो तेव्हाही. मी नदीकडेच बघत म्हणाले, "कुठल्या घरी? माझं घर चिंचवडला आहे. तिथं अजून पोचायचंय."

 मला वाटलं, नेहमीसारखा हसून वेळ मारून नेईल, नाहीतर उठून सायकल उभी करील.

"ऐकू आलं न्हाई," तो म्हणाला. "हिकडं तोंड कर, मग बोल."

मी वळले, आणि त्याच्यासमोर बसून पुन्हा सांगितलं.